दिवा वाढव गे

विजयालक्ष्मी अम्मांनी त्या डब्याचीसुद्धा ओवी केली होती.

डबा म्हणजे सुनेने, देविकाने, घरी आणलेलं कंट्रोल युनिट. देविका चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या एका कंपनीत होती. मोठ्या ऑफिसांच्या मीटिंगच्या खोल्यांत पडदे, कॅमेरे, माइक बसवून द्यायचे, हे त्यांचं काम. एका ठिकाणी जुनं काढून नवं बसवलं, तेव्हा साहेबांना विचारून तिने ते जुनं युनिट उचललं आणि अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली आणून ठेवलं. मागच्या बाजूला केबलींचं नुसतं जावळ. एक टीव्हीची, एक कॅमेऱ्याची, एक माइकची, एक इंटरनेटची, एक चेहऱ्यावर उजेड पाडणाऱ्या गोल दिव्याची. आणि पुढच्या बाजूला मोहरीएवढे चार दिवे.

"एवढं रामायण कशाला? मोबाइल आहे की," देविकाचा नवरा गंधार म्हणाला होता.

"मोबाइलवर अम्मांना नुसतं ऋजुताचं कपाळ दिसतं. दिसू दे की लेक पूर्ण."

ऋजुता, गंधारची धाकटी बहीण, ऑकलंडला. तिचे दिवस भरत आले होते. अम्मा तिच्या बाळंतपणाला जाणार होत्या, व्हिसाही आला होता. मेथीचे लाडू करायचे की तिथे जाऊन करायचे, एवढंच ठरायचं राहिलं होतं. तेवढ्यात मानेत गाठ लागली. तपासणी झाली. घशाचा कॅन्सर निघाला.

मग जाणं राहिलं आणि डबा आला.

अम्मा रोज सकाळी आंघोळ करून त्या डब्यासमोर बसायच्या. कुठला दिवा कशाचा, हे देविकाने त्यांना समजावलं होतं. त्यांनी ते तसं लक्षात ठेवलंच नाही. त्यांनी त्याचं गाणं केलं.

*हिरवा पेटला गं, डब्यात वीज आली*
*निळा पेटला गं, लेक माझी दारी आली*
*पिवळा पेटला गं, थांब थोडी, वाट पाहा*
*तांबडा पेटला गं, तोंड मिटून उगी राहा*

तांबडा म्हणजे माइक बंद असल्याचा. "आमच्या ऑफिसात हे मॅनेजर लोकांना वर्ष झालं तरी कळत नाही, अम्मा," देविका हसून म्हणाली. "तांबडा दिसतो आणि बोलत सुटतात."

"त्यांना कुणी गाऊन नसेल सांगितलं गे," अम्मा म्हणाल्या.

आवाज तेव्हा बसायला लागला होता. सकाळी गरम पाणी पोटात गेलं की घटकाभर मोकळा व्हायचा. जुन्या पितळी घंटेसारखा. कडेला चिरलेला, पण आत नाद असलेला.

अम्मा तंजावरच्या मराठी घरातल्या. सासरे आणि नवरा दोघेही चेन्नईजवळच्या आवडी या गावच्या कारखान्यात, सगळा संसार तिथल्या क्वार्टर्समध्ये, शेजार तमिळ. तरी घरात मराठीच बोलायची, असा त्यांचा हट्ट होता. फक्त ती मराठी देविकाच्या सांगलीच्या मराठीपासून कधीतरी वाट चुकून लांब गेलेली होती. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात अम्मा म्हणाल्या, "गॅसवाला उदईक येतो म्हणाला." देविकाने दुसऱ्या दिवशी दार उघडून त्या माणसाला विचारलं, "उदईक तुम्हीच का?" उदईक म्हणजे उद्या, हे तिला संध्याकाळी कळलं. गंधार आडवा पडून हसला होता. अम्माही हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या गावी उदईक येतच नाही की काय?"

दोघी एकमेकींच्या भाषेला अशा हसत हसत सरावल्या होत्या. म्हणजे, सरावलो आहोत असं त्यांना वाटत होतं.

एका गोष्टीवरून मात्र दोघींचं पटलं नाही. ऋजुताला सांगायचं नाही, असं अम्मांनी ठरवलं होतं.

"गुडघे दुखतात म्हणून आले नाही, एवढंच सांगा तिला. दिवस भरलेली बाई ती. तिथे तिला माहेरचं कोण आहे? ऐकेल आणि पुढे दूध आटेल."

"अम्मा, पण तिला नंतर कळलं तर? ती मुलगी आहे तुमची. तिला सांगायला हवं, असं मला वाटतं."

"तुज वाटतं, सरी, ठीक. पण तू सांगणार नाहीस."

"नाही सांगणार."

"शब्द?"

"शब्द."

ऋजुताला मुलगी झाली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, आणि ती नेमकी बारशाच्या दुसऱ्या दिवशीची निघाली. पूर्ण स्वरयंत्रच काढायचं होतं. गळ्याला पुढून एक भोक राहणार, श्वास तिथून. पुढेमागे एखादी नळी बसवून घरघरत चार शब्द बोलता येतील, असं डॉक्टर म्हणाले. गाण्याचं काय, हे गंधारने विचारलंच नाही. अम्मांनी विचारलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर अम्मा बराच वेळ तुळशीच्या कुंडीपाशी गच्चीत उभ्या होत्या. मग आत येऊन म्हणाल्या, "बारशाला पाळणा मीच म्हणणार. ह्या डब्यातून जाईल ना गे तिथवर?"

"जाईल की."

"चांगला जाईल? मध्ये तुटणार नाही?"

"मी सुट्टी घेते, अम्मा. स्वतः बसते डब्यापाशी. एक अक्षर तुटू देणार नाही."

मग अम्मा पाळणा रचू लागल्या. जुने पाळणे येत होते त्यांना, पण हा नवा करायचा, म्हणाल्या. नातीचं नाव ऋजुताने त्यांच्यावरच सोपवलं होतं, आणि ते शेवटच्या कडव्यात गुंफून पहिल्यांदा सगळ्यांना ऐकवायचं होतं. त्या स्वयंपाकघरात पुटपुटत, गच्चीत पुटपुटत. देविका जवळ आली की गप्प. "आधी ऐकायचा नाही. पाळणा बाळाने आधी ऐकायचा." आवाज जपायला म्हणून दिवसभर त्या बोलायच्याही कमी. काही हवं असलं की तांबड्या दिव्याकडे बोट दाखवून ओठांवर बोट ठेवायच्या आणि डोळ्यांनी हसायच्या.

बारशाच्या सकाळी अम्मांनी अंजिरी कांजीवरम नेसली. नाकात मुगबट. डोक्यात मोगरा. मानेवरची गाठ आता लिंबाएवढी झाली होती आणि तिथे तपासणीच्या वेळचं ड्रेसिंगही होतं. त्यांनी पदर गळ्याभोवती शालीसारखा गुंडाळून घेतला.

देविकाने पुन्हा पुन्हा जोडण्या तपासल्या. प्रत्येक केबल उपसून पुन्हा बसवली. हिरवा लागला. मग पिवळा, मग निळा. पडद्यावर ऑकलंडचा हॉल उमटला. दुपारचं ऊन, फुगे, गर्दी, आणि मध्ये झेंडूच्या माळा गुंडाळलेला पाळणा. ऋजुता पिवळ्या साडीत. सुजलेले डोळे, हसरा चेहरा.

"अम्मा! किती नटलीस ग!"

"तुझ्या लेकीसाठी. तुझ्यासाठी नव्हे."

तिकडे हशा झाला. ऋजुताच्या सासूबाईंनी पाळण्याची दोरी हातात घेतली. अम्मांनी गरम पाण्याचा घोट घेतला, पाट सरकवला, आणि माइकपासून तोंड बाजूला करून हळूच देविकाला म्हणाल्या,

"माझा दिवा वाढव गे. आवाज राहू दे."

देविकाच्या मनात आलं, बरोबरच आहे. एवढं नेसल्या आहेत, चेहरा नीट दिसायला हवा. आवाज आहे तेवढा पुरे. तिने गोल दिव्याचा उजेड वाढवला. वाढवला, आणि कॅमेराही जरा जवळ आणला.

गाताना डोळे मिटायची अम्मांची जुनी सवय. खिडकीतलं ऊन तोंडावर होतंच. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि मग देविकाने जे पाहिलं ते तिला पुढे कितीतरी दिवस उलगडलं नाही. अम्मांनी गळ्याभोवतीचा पदर सोडला. स्वतःच्या हाताने, निवांतपणे. मान मोकळी केली, खोल श्वास घेतला आणि आवाज लावला.

*निज निज गं साळू, पाळण्याची दोरी लांब…*

एवढीच ओळ गेली.

"अम्मा? अम्मा, गळ्याला काय झालं तुझ्या?"

अम्मांनी डोळे उघडले. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांना स्वतःचा गळा दिसला. झगझगीत उजेडात. गाठ, पट्टी, पट्टीच्या कडेचं पिवळं औषध, सगळं.

पदर ओढायला त्यांचा हात वर गेला तोवर ऋजुता पाळण्यापासून उठली होती. "दादा कुठंय? वैनी, तू सांग. काय आहे हे? वैनी!" तिकडे कुणीतरी तिला धरलं. बाळ रडायला लागलं. कुणीतरी म्हणालं, कॉल कट करा, कॉल कट करा. देविका डब्यापाशी बसून होती. तिला कुठलंच बटण सापडत नव्हतं.

अम्मांनी पुन्हा गायचा प्रयत्न केला. "निज निज" म्हणाल्या. पण रडू आलं की त्या घशातून आवाज निघत नसे. नुसती हवा निघाली.

मग निळा दिवा गेला.

अम्मांनी देविकाकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि भलतंच कुणी वळून बघावं, तसं पाहिलं.

"शब्द दिला होतास," एवढंच म्हणाल्या. देविकाने ऐकलेलं त्यांच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य.

"अम्मा, मी काय केलं? पदर तर तुम्हीच…"

अम्मा उठून आत गेल्या होत्या.

ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. अम्मा घरी आल्या. गळ्यावर जाळीदार कापडाचा तुकडा, त्याच्यामागे श्वासाची शिट्टी. ऋजुताला आता सगळं कळलंच होतं. ती रोज गंधारच्या मोबाइलवर फोन करायची, रडायची, बाळ दाखवायची. बाळाचं नाव कागदोपत्री लागलं, कारण अम्मांनी ते गंधारच्या तळहातावर बोटाने लिहून दिलं. कौमुदी. पण ज्या कडव्यात ते नाव यायचं होतं, ते तसंच राहिलं.

टीव्हीखालचा डबा कुणी लावला नाही की काढलाही नाही. पिवळा दिवा मात्र तेवत राहिला. स्टँडबाय.

अम्मा देविकाशी वाईट वागत नव्हत्या. तिने दिलेलं पातळ सार घ्यायच्या, तिला गळ्यावरचं कापड बदलू द्यायच्या. फक्त तिच्याकडे बघायच्या नाहीत. देविकाला वाटायचं, ओरडा ना अम्मा. मग आठवायचं.

"तिला वाटतं तू मुद्दाम केलंस," एकदा गंधार म्हणाला. "तू म्हणायचीस ना, ऋजुताला सांगा म्हणून."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं चूक झाली असेल."

"कुठली चूक? तेच तर कळत नाही मला. दिवा त्यांनीच वाढवायला सांगितला. पदर त्यांनीच काढला. मी जोडणी शंभर वेळा तपासली, गंधार. एक दिवासुद्धा चुकीचा नव्हता."

ते कळलं सिरुसेरीत, भलत्याच कामाच्या वेळी.

एका नव्या ऑफिसात मीटिंगची मोठी खोली तयार झाली होती. चालू करण्याआधी पूजा. चेन्नईत यंत्राला कुंकू लावल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही. रॅकला चंदनाची बोटं उमटवली, कापूर लावला, सुपरवायझरने नारळ हातात घेऊन देविकाकडे पाहिलं. ती सवयीने मराठीत बोलून गेली, "हं, वाढवा."

शेजारी उभी असलेली श्रीनिधी फिसकन हसली. श्रीनिधी तिच्याच टीममधली, मैलापूरची. देविकाकडून हौसेने मराठीचे शब्द शिकायची. "वाडवा? तूच शिकवलंस ना, ब्राइटनेस वाडवा म्हणजे जास्त करा? मग आता काय, नारळ जास्त करायचा? एकाचे दोन?"

"अगं, नारळ फोडला असं नाही म्हणत आम्ही. शुभ कामात फोडणं-तोडणं बोलायचं नाही. म्हणून वाढवला म्हणायचं. हातातली बांगडी फुटली तरी म्हणतात, वाढली."

"म्हणजे सगळं उलटं."

"उलटंच. आणि दिवासुद्धा विझव असं म्हणत नाहीत. आमच्याकडे शांत कर म्हणतात. अम्मा मात्र…"

ती थांबली. सुपरवायझरने नारळ आपटला. पाणी उडून तिच्या पायावर आलं.

तिने बाहेर जाऊन गंधारला फोन लावला. "तुमच्या घरी दिवा विझवायचा असेल तर काय म्हणतात?"

"लाइट ऑफ कर म्हणतात. का?"

"तसला नाही रे. देवापुढची समई. अम्मा काय म्हणतात?"

फोनमध्ये त्याच्या कारखान्याचा भोंगा वाजत होता. "अम्मा होय? अम्मा म्हणते वाढव. समई वाढव, निरांजन वाढव. का ग?… देविका?"

माझा दिवा वाढव गे. आवाज राहू दे.

माझं चित्र मालव. फक्त आवाज जाऊ दे.

म्हणून पदर काढला होता. आपल्याला कुणी बघत नाही, आपण अंधारात आहोत, या भरवशावर गळा मोकळा केला होता. गाण्यासाठी. आणि भरवसा कुणाचा, तर डब्यापाशी बसलेल्या तिचा.

घरी आली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. अम्मा गच्चीच्या दारात खुर्ची घेऊन बसल्या होत्या. देविका चपला न काढताच त्यांच्या पायाशी बसली.

"अम्मा, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, दिवा वाढव. म्हणजे मालव म्हणालात ना?"

अम्मांनी पाहिलं. इतक्या दिवसांनी सरळ तिच्याकडे पाहिलं. भुवया वर गेल्या. दुसरं काय म्हणणार होते मी, असं.

"आमच्या सांगलीत दिव्याला तसं नाही म्हणत, अम्मा. वाढव म्हणजे मोठा कर. जास्त कर. मला वाटलं तुम्हाला नीट दिसायचंय. म्हणून मी तो मोठा केला. उदईकसारखं झालं, अम्मा."

अम्मांचे खांदे हलायला लागले. देविका घाबरली. पण ते हसणं होतं. बिनआवाजाचं, गळ्यावरचं कापड फडफडवणारं हसणं. हसता हसता डोळे भरले आणि मग हसणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, ते सांगता आलं नसतं. दोन्हींना आवाज नव्हता. त्यांनी देविकाचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, आणि तिच्या पाठीवर थापटत राहिल्या. पाळण्याच्या ठेक्यात.

पुढच्या रविवारी सकाळी अम्मांनी स्वतःच डब्याकडे बोट केलं.

हिरवा लागला. पिवळा गेला, निळा लागला. ऋजुता पडद्यावर आली, मांडीवर कौमुदी. पडद्यावर अम्मांना एवढं मोठं पाहून तिने कौमुदीला त्यांच्याकडे वळवलं. देविकाने माइक चालू करायला हात पुढे केला, तर अम्मांनी तांबड्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या ओठांवर ठेवलं. राहू दे पेटलेला. माझा तो कायमचाच.

पण देविकाने तो मालवलाच. माइक चालू केला.

अम्मांनी डोळे मिटले. हात वर घेतला, अदृश्य दोरी धरल्यासारखा, आणि ओठ हलायला लागले.

चारी दिवे जसे हवेत तसे होते. जोडणीत कुठेही खोट नव्हती. माइकमधून अम्मांच्या गळ्यातली बारीक शिट्टी जात होती, पंख्याचा आवाज जात होता, खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला जात होता.

"अम्मा, आवाज येत नाहीये तुझा," ऋजुता म्हणाली. रोज म्हणतात तसं, सवयीने. मग तिने तोंडावर हात घेतला.

अम्मा थांबल्या नाहीत.

"वैनी," ऋजुता डोळे पुसत म्हणाली, "दिवा वाढव ग."

देविकाचा हात गोल दिव्याकडे गेला आणि तिथेच थबकला. "कुठला वाढव, ऋजुता? तुमचा, की आमचा?"

ऋजुताला सगळी हकीकत गंधारने सांगितली होती. तिला हसू फुटलं, त्यातच हुंदका आला. "तुमचा. तुमचा वाढव. मोठा कर. तिचे ओठ दिसू देत मला."

देविकाने दिवा मोठा केला. कॅमेरा जवळ आणला. अम्मांचा चेहरा सगळ्या पडद्यावर पसरला. पांढऱ्या भुवया, मुगबट, गळ्यावरची जाळी. या वेळी पदर कुठेच ओढलेला नव्हता. ऋजुता एकेक शब्द टिपायला लागली, मोठ्याने, अडखळत. "निज निज… साळू… पाळण्याची दोरी लांब… मग काय? अम्मा, पुन्हा. समुद्र? समुद्राच्या… नाही कळत ग."

अम्मांनी ती ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा कळली नाही. पुढची कळली नाही. त्याच्या पुढची अर्धी कळली. कितीतरी शब्द त्या ओठांवरून उठले आणि तिथेच विरले, अम्मांखेरीज कुणालाच न कळता.

शेवटच्या कडव्याशी अम्मा जरा थांबल्या. श्वास घेतला. कापड आत ओढलं गेलं. ओठ गोल झाले, मग मिटले, मग अलगद रुंदावले.

"कौमुदी," ऋजुता म्हणाली.

मांडीवरची पोर पडद्याकडे टक लावून होती. डोळे जड झाले, तरी तिची नजर उजेडावरून हलेना. मग ते अलगद मिटले.

अम्मांनी डोळे उघडले. झोपलेल्या नातीकडे पोटभर पाहून घेतलं, आणि मग देविकाकडे वळून डब्यापाशी बोट नेलं.

"वाढवू, अम्मा?"

अम्मांनी मान डोलावली.

देविकाने गोल दिवा मालवला. माइक मिटला. निळा गेला. लेक दारातून गेली. खालच्या कडेला पिवळा तेवढा पुन्हा पेटला. तो मालवायला तिने हात पुढे केला, तर अम्मांनी हळूच तिचं मनगट धरलं.